चादरीच्या तटावर लहरींनी मिळविलेल्या फत्तेची हकीकत

ऐकणारांस आयुष्य, सांगणारास धीर. विनंती विशेष ऐसी की, बिनतारी खात्यांतील एक अभियंते, 'लहरीबुवा' या किताबाने मशहूर, यांनी मनसुबा केला की समोरील गच्चीवरच्या मनोऱ्यावरून आपल्या घरच्या खिडकींत अतिउच्च कंपनांच्या लहरी उतरवाव्या. लहरी मोठ्या तेज, अख्खा सिनेमा पापणी लवते तोंवर आणितील. परंतु नाजूक ऐशा की झाडाचे पान आडवे आले तरी रुसून माघारी फिरतात. तीन वेळां मोहीम केली आणि तीनही वेळां सकाळी अकराचे सुमारास लहरींचा दुवा तुटला. बुवांनी यंत्रे खोलली, ढगांस दोष दिला, कबुतरांस शिव्या मोजल्या. मग साहेबांचा खलिता आला की, आज एक तास दुवा अखंड न राहिल्यास मसलत बंद, आणि आपण तळघरांत तारा जोडावयास रवाना व्हावे. बुवांचे तोंडचे पाणी पळाले.

साहेब जातीनिशी घरी आले, खुर्चीवर स्थानापन्न जाहले, अकरा वाजले, आणि यंत्रावरील वेगाचे आकडे धाडकन शून्यावर आले. बुवांनी खिडकीबाहेर पाहिले तों काय! आत्याबाई, ज्यांचा अंमल त्या घरीं चाळीस वर्षे जारी, यांनी शिरस्त्याप्रमाणे सज्जांत ओली डबल चादर वाळत घातली होती. शत्रू घरांतच, आणि बुवा आभाळ धुंडाळीत होते!

बुवांनी चादर हलविण्याची अर्जी गुजरली. हुकूम जाहला: "ऊन इथंच येतं, चादर इथंच राहील. काखेत कळसा नि गावाला वळसा घातलास ना? आता तुझ्या लाटांनाही घालू दे."

बुवांचे डोक्यांत लख्ख उजेड पडला. मग स्वयंपाकघरांत धावले, मोठी परात उचलली, सज्जाचे कोपऱ्यास, चादरीची कड संपते तेथें, सुतळीने तिरपी बांधिली आणि मनोऱ्यास फर्माविले की एक धार सरळ सोडावी, दुसरी परातीवर. पहिली अडली तर दुसरीने परातीवरून उसळून आंत यावे. आकडे लटपटले, मग सावरले, आणि साहेबांनी तास नव्याने मोजावयास घेतला.

साहेबांस संशय आला की वाऱ्याने चादर सरकली असेल. तेव्हां बुवा ओरडले, "आत्या, आणखी एक घाल!" आत्याबाईंनी दुसरी चादर घातली, मग टॉवेल, मग परकर, तो पाहून साहेबांनी नजर घड्याळांत घातली. तास भरला. दुवा तुटला नाही.

साहेबांनी मसलत मंजूर केली, तळघर टळले. बुवांस हर्षाने रडू फुटले आणि डोळे त्यांनी चादरीसच पुसले. "मेल्या, आत्ताच धुतलीय!" ऐसें फर्मान सुटले.

येणेंप्रमाणे फत्ते जाहली. दुवा अखंड आहे, परात सज्जांतच आहे, आणि आत्याबाई त्या दिवसापासून पीठ पातेल्यांत मळतात, हे लिहिणाराने डोळ्यांनी पाहिले.