बापाच्या तोंडातली अंडी

शिंगाळा हा मोठा संसारी मासा. मादी अंडी घालून मोकळी होते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत बाप ती अंडी तोंडात धरून फिरतो. तेवढे दिवस तो पोटाला चिमटा घेतो, पण तोंड म्हणून उघडत नाही. कोपरखैरण्याच्या खाडीत हे पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालले होते. मग साठ सालानंतर देशाने प्रगती करायचे मनावर घेतले आणि खाडीकाठी कारखाना आला. तो नळातून खाडीत जे पाणी सोडतो त्यात पारा असतो, असे कारखान्यातलेच लोक चहा पिताना कौतुकाने सांगत.

पुढच्या हंगामात बाळाराम कोळ्याच्या जाळ्यात आलेल्या शिंगाळ्यांच्या तोंडात अंडी मेलेली होती. जी फुटली, त्यांतली पिल्ले कोयत्यासारखी वाकडी. आज पिल्लू नाही तर उद्या मासा नाही, हे बाळारामला कळले. त्याने सरळ जलजीव उन्नती कचेरी गाठली.

"सायब, शिंगाल्याची अंडी मरतान. पोरं निगतान ती वाकडी."

"अंडी म्हणजे कुक्कुटपालन," साहेब म्हणाले. "आमच्याकडे फक्त मासा येतो."

"आनि फुटली ती?"

साहेबांनी नियम पाहिला. पट्टीवर सरळ ठेवून बोटभर भरेल तो मासा. वाकडे पिल्लू पट्टीवर सरळ राहीना, सबब ते मासा ठरेना.

तरीही कचेरी निर्दय नव्हती. तिने चौकशी समिती नेमली. समितीने बूट भिजू नयेत म्हणून ओहोटीला पाहणी केली आणि निष्कर्ष काढला की, अंडी ज्या जागी नासली ती जागा म्हणजे पित्याचे तोंड. सबब जबाबदारी पित्याची. शिंगाळ्यांनी मुखस्वच्छता पाळावी, अशी पाटी माशांना दिसेल अशा बेताने खाडीत रोवण्यात आली.

बाळाराम खवळला. "पानी कारखान्यान सोराचा आनि तोंड माशान धुवाचा? येऊ दे मोठा सायब, समद्यांसमोर बोलतंय!"

ही खबर कारखान्याला लागली. त्याने बाळारामच्या मुलाला, गणूला, बोलावून कायम नोकरी दिली. काम अगदी हलके होते. नळाची चावी सोडायची. बाळारामच्या बायकोने, गंगूने, आळीत पेढे वाटले आणि नवऱ्याला म्हणाली, "आता जिभेला हाड ठेवा जरा."

कचेरीचे मोठे साहेब पाहणीला आले. सगळा कोळीवाडा काठावर जमला.

"कुणाची काही तक्रार?"

बाळारामच्या जिभेवर सारे आले होते. समोर नळाजवळ नव्या खाकीत गणू उभा होता. बाळारामने ओठ घट्ट मिटले, गाल तेवढे फुगले. स्वतःची इतकी लाज त्याला कधीच वाटली नव्हती. त्याने आशेने शेजारच्या दादूकडे पाहिले. दादूचा जावई कारखान्याच्या फाटकावर शिपाई होता, म्हणून दादू आभाळ पाहत होता. पलीकडच्या वामनचे दोन भाऊ तिथल्याच गोदामात होते. कुणीच तोंड उघडले नाही.

"तक्रार नाही," असे म्हणून मोठे साहेब समाधानाने गाडीत बसले. समितीचे म्हणणे खरेच ठरले होते. बिघाड बापाच्या तोंडातच होता.

वाचकहो, हसायला हरकत नाही. फक्त ओठ मिटून हसा. तुमच्याही तोंडात कुणाची तरी नोकरी असेल, ती उगाच सांडायची.