कीबोर्ड वाळायलाय

मला उभं केलं ते खंदारे सरांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं त्यांची थोडी थट्टा होणार आहे.

परभणीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात सर रोज सकाळी हजेरी घ्यायचे. पोरांची नाही, यंत्राची.

"मॉनिटर?"

"हजर," मी म्हणायचो.

"सीपीयू? कीबोर्ड? प्रिंटर?"

सगळ्यांच्या वतीनं मीच हजर. सातवीत शाळा सोडली, तोवर सुद्धा इतक्या वेळा हजर म्हटलं नव्हतं.

राणीसावरगावाहून आलेला मी, दोन लेकरांचा बाप, तिथं झाडलोट करायचो. चप्पल जिन्यात, चहा जिन्यात, शिंकसुद्धा जिन्यात. कुणी मॉनिटरला टेकलं की सर ओरडायचे, "अदब! हे नुसतं तोंड हाय. डोकं खाली डब्यात हाय. आपल्या शेठचं उलटं, तोंड लय मोठं अन् डब्यात काई न्हाई."

क्लास शेठचा होता.

खंडेनवमी आली. सर म्हणाले, "समदं लख्ख करून ठेव." गावाकडं आम्ही त्या दिवशी विळे, कोयते घासून धुऊन पुजतो. इथलं हत्यार कोणतं? जे दिवसभर पोरांच्या हाताखाली असतं ते. मी कीबोर्ड सोडवला, हौदावर नेला, साबणानं फटीफटीतला मळ काढला आणि गच्चीवर घरमालकिणीच्या मुगाशेजारी उन्हात घातला.

सरांची हजेरी सुरू झाली.

"कीबोर्ड?"

"सर, वाळायलाय."

सर हजेरी तशीच टाकून उठले. मग गच्चीवर आले. कीबोर्ड उचलला तर धार लागली.

"साबण कोणता?"

"अंगाचा न्हाई सर, भांड्याचा."

"मग ठीक हाय," म्हणत ते मटकन खालीच बसले. मला वाटलं, संपलं. आता गावाकडं जाऊन बायकोला काय सांगू?

तेवढ्यात शेठ वर आले. "कुणी केलं हे?"

मी सरांच्या मागं सरकलो. सर म्हणाले, "माझ्या हातून चहा सांडला. धुवावा लागला."

ज्या माणसानं जिन्याच्या वर कधी कपबशी येऊ दिली नाही, त्यानं हे सांगितलं. शेठ मागोमाग वर आलेल्या पोरांसमोर त्यांना वाट्टेल ते बोलले. सर खाली मान घालून एवढंच म्हणाले, "चुकलं, शेठ."

शेठ गेल्यावर मी पाय धरायला वाकलो. "ऊठ. बिघडलाच हाय तर खोलून बघ. स्क्रू हुडक." त्या दुपारी मी पहिल्यांदा यंत्र उघडलं. आज पुण्यात त्याच कामावर माझी चूल पेटते.

संध्याकाळी सर म्हणाले, "दसऱ्याला गावाकडं जायच्या आदी माझ्याकडं जेवून जा. आमची मंडळी गेल्यापासून एकाच ताटाचं रांधतो. दोघांचं जमतंय का बघू."

गेलो. भात इतका केला होता की चौघं जेवले असते. मी "बास, बास" म्हणत होतो आणि सर वाढतच होते.

कधीतरी परभणीला उतरणार आहे. सरांना सोबत घेऊन शेठसमोर उभा राहणार आणि सांगणार, चहा सांडलाच नव्हता. कीबोर्ड मी धुतला.