रंगराव गव्याच्या मापाचं भोक

मुलांनो, एका जंगलात प्यायला पाणी नव्हतं, पण इंटरनेट फुकट होतं. त्यामुळे तिथले प्राणी अगदी सुखात होते.

सगळे दिवसभर एकच खेळ खेळायचे. 'नभसंग्राम'. आपापलं यान बांधायचं, आकाशात हिंडायचं, ग्रह जिंकायचे. खऱ्या जंगलातलं कुरण शेजारच्या तरसांनी खाल्लं तरी कोणी हूं की चूं करत नसे. पण खेळातल्या ग्रहाकडे एखाद्या तरसाने नुसतं पाहिलं, की जंगल पेटून उठायचं.

जंगलाचा पुढारी होता रंगराव गवा. त्याचं यान डोंगराएवढं. ते चालवायला त्याला नीट येत नव्हतं, पण मोठं होतं. पुढाऱ्याला आणखी काय लागतं?

याच जंगलात गोदी नावाची मुंगसीण राहायची. तिचं यान तिच्यासारखंच चिमुकलं. पण तिला एक विद्या येत होती. तिला वर्महोल सापडायची.

वर्महोल म्हणजे आकाशातलं भोक. इकडून शिरायचं, की क्षणात कुठल्या कुठे बाहेर. पण ते डोळ्यांना दिसत नाही. शोधक गोळे सोडायचे, त्यांच्याकडून येणारे आवाज ऐकायचे, गोळे हळूहळू जवळ आणायचे. बहुतेक आवाज दगडधोंड्यांचेच निघतात. बाकीचे प्राणी कंटाळून जांभया द्यायचे. गोदी मात्र बिळासमोर दबा धरून बसावं तशी बसायची.

शिवाय तिला भोकाचा स्वभावही कळायचा. प्रत्येक भोक ठरावीकच वजन पेलतं. तेवढं वजन आरपार गेलं की मिटतं, ते कायमचंच. आणि नुसतं ताटकळत ठेवलं तरी दम सोडतं. कडा थरथरू लागल्या की समजावं, आता आवरा.

एके दिवशी खेळातल्या लांबच्या ग्रहावरून गोदीच्या भावाचा, दगडूचा, निरोप आला. तो तिथे एकटाच राखणीला होता.

"अक्का, तरसांनी वेढा घातलाय. लवकर कोणाला तरी पाठव."

नेहमीच्या वाटेने तिथवर पोचेस्तोवर दगडूचं भुस्कट झालं असतं. गोदीने गोळे सोडले. कान लावला. आणि काय सांगू, दगडूच्या ग्रहाच्या अगदी दाराशी उघडणारं भोक तिला सापडलं!

खरं तर चार ससे, चार खारी घेऊन तिने तेव्हाच निघायला हवं होतं. पण मुलांनो, भोक सापडलं आणि कोणी शाबासकी दिली नाही, तर ते सापडल्यासारखं वाटत नाही. गोदीने सभेला कळवलं.

सभा लगेच भरली. सचिव कोल्हेपंत उठले. तेवढ्यात गांडुळांचं शिष्टमंडळ आलं.

"इंग्रजीत वर्म म्हणजे आम्ही," त्यांचा म्होरक्या म्हणाला. "आमचं नाव भोकाला? समाजाच्या भावना दुखावल्यात!"

मग 'कृमिविवर' हा शब्द निघाला. त्यावर गांडुळं अधिकच वळवळली. बऱ्याच चर्चेनंतर 'माननीय छिद्र' असं नाव एकमताने ठरलं. मग गोदीचा सत्कार. हार आला, श्रीफळ आलं, कोल्हेपंतांचं भाषण आलं.

"अक्का, यान फुटायला आलंय," दगडूचा निरोप आला.

गोदीने भोकाकडे पाहिलं. कडा थरथरत होत्या.

"लहान यानं आधी जाऊ द्या," ती घाईने म्हणाली. "साहेबांचं यान शेवटी. ते आधी गेलं तर भोक मिटेल."

सगळ्यांनी रंगरावांकडे पाहिलं.

"साहेब... शेवटी?" कोल्हेपंतांनी विचारलं.

गोदीच्या गळ्यात झेंडूचा हार होता. त्याचा वास छान येत होता. ती गप्प बसली.

रंगराव वाजतगाजत शिरले. भोक मिटलं. मागची सगळी यानं एकमेकांवर आदळली.

पलीकडे रंगरावांनी तरसांचा ताफा पाहिला आणि लगेच म्हणाले, "आपण बसून बोलू." त्यांनी ग्रह देऊन टाकला. तरसांनी त्यांना मानाने लांबच्या वाटेला लावलं. तोवर दगडूच्या यानाचा चुरा झाला होता.

मग चौकशी झाली. छिद्र अपुरं होतं, असा निष्कर्ष निघाला. संकटात एकटेच धावून गेल्याबद्दल रंगरावांना 'नभवीर' पदवी मिळाली. कोल्हेपंत छिद्रतज्ज्ञ झाले आणि जागोजागी व्याख्यानं देऊ लागले.

दगडू बहिणीसमोर येऊन बसला.

"तुला वजन ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग?"

"सत्कार होता रे," गोदी म्हणाली. तिला दगडूकडे बघवेना.

त्यानंतर ती पुष्कळ दिवस गोळे सोडत राहिली. भोकं सापडायची, ती गुपचूप मिटू द्यायची. शेवटी तिला हवं तसं एक मिळालं. ती सरळ सभेत गेली.

"साहेब, हे छिद्र खास आपल्या मापाचं आहे. दुसरं कोणी आधी गेलं तर त्याची शान जाईल."

"पलीकडे काय आहे?" रंगरावांनी विचारलं.

"अजून कोणाचं पाऊलच पडलेलं नाही, साहेब."

हे अगदी खरं होतं. पलीकडे ग्रह नव्हता, तारा नव्हता, वाटही नव्हती.

रंगराव हार घालून शिरले. भोक मिटलं.

हल्ली रंगराव करंजाखाली फोनमध्ये मुंडी घालून बसलेले असतात. खेळात तिकडेच अडकलेल्या यानासाठी परतीचं भोक शोधतात. गोळे कसे सोडायचे, ते विचारायला त्यांना कमीपणा वाटतो. कोणी भेटायला आलं तर कोल्हेपंत सांगतात, "साहेब दौऱ्यावर आहेत." जंगलाचा कारभार इतका बरा कधीच चालला नव्हता. गोदीला बढती मिळाली आहे.

तात्पर्य: मोठ्यांना पहिला मान नेहमी द्यावा. फक्त भोक आपण निवडावं.