भवरी टेकडीचा तक्ता

कुसळेवाडीच्या भवरी टेकडीला परराज्यात नोकरी लागली, आणि जावं की न जावं हे ठरवण्यासाठी ती गावाच्या रीतीप्रमाणे भुजंग मास्तरांकडे तक्ता काढून घ्यायला आली. मास्तरांच्या परड्यामागेच ती राहत असल्याने तिला फार चालावं लागलं नाही. दोन पावलं पुढे येऊन ती कुंपणाशी टेकली. दुधाच्या टेम्पोला रस्ता उरला नाही, म्हणून तो गावाला वळसा घालून गेला.

कुसळेवाडीतून कुणालाही बाहेर पडायचं तर आधी मास्तरांचा तक्ता, हा तिथला शिरस्ता. मास्तर जुन्या कॅलेंडरच्या पानामागे उभी रेघ मारत. डावीकडे ‘इथे’, उजवीकडे ‘तिथे’. खाली घरभाडं, दूध, दळण, शाळा, पगार, बढती आणि अगदी शेवटी ‘करमेल का’. तिथल्या ओळखीच्या माणसाला पत्र टाकून ते एकेक गोष्ट विचारून घेत. ऐकीव आकडा त्यांच्या तक्त्यात कधी आला नाही. एकतीस वर्षांत या तक्त्यावर त्रेपन्न घरं परमुलखात गेली, आणि एकही तोंड पाडून परत आलं नाही. मास्तरांना याचा अभिमान होता आणि ते तो लपवतही नसत.

त्या घरांतल्या मागे राहिलेल्यांचा अभिमान वेगळा होता. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमन सुबराव मनीऑर्डरी घेऊन फिरायचा. ज्याच्या दारात सायकल थांबेल, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारून चहा पाजायचा आणि फॉर्मच्या खालचा मजकूर मास्तरांकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा. मास्तरांच्या दारात मात्र सायकल कधी थांबली नव्हती. मूलबाळ नव्हतं, आणि बायको गोदाक्का जाऊनही सहा वर्षं झाली होती. त्यांना रोज भेटायला येणारी एकच, भवरीची सावली. दुपारी चारला ती घरावरून अंगणात उतरायची, फाटकाजवळच्या दगडी डोणीपर्यंत जायची आणि मास्तर तिच्यात खुर्ची टाकून चहा प्यायचे.

“जागा कसली आहे?” मास्तरांनी चष्मा पुसत विचारलं.

“समुद्राकाठचं गाव हाय,” भवरी म्हणाली. “समदं सपाट. सूर्य बुडताना बघायचा तर उंचवटा न्हाय. नगरपालिकेनं टेकडीचं एक पद काढलंय. कायम.”

“पगार?”

“वर्साला हातभर उंची. पंधरा वर्सांनी डोंगराच्या पदासाठी इचार करत्यात.”

मास्तरांनी लिहून घेतलं. इथे बढतीची सोय नव्हती, कारण तालुक्यात डोंगराचं पदच मंजूर नव्हतं. भवरीचं इथलं काम म्हणजे गावाची शीव दाखवणं, चाळीस शेळ्यांना चारा पुरवणं आणि लग्नपत्रिकेत ‘टेकडीजवळ’ असा पत्ता म्हणून उपयोगी पडणं. या कामाचं तिला कुणी काही दिलेलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तशातली गत.

बातमी फुटताच सरपंच विमलताई बाबर आल्या. कुंपणापाशी उभ्या राहून त्यांनी समजूत घातली, “भवरे, दुरून डोंगर साजरे असतात गं. तिथं गेल्यावर कळेल.”

“ताई, ही म्हण आमच्यावरच केलेली हाय,” भवरी शांतपणे म्हणाली. “मला नका ऐकवू.”

ताई ओशाळल्या. मग त्यांनी चहा घेतला आणि गावाची टेकडी परराज्यात कायम पदावर लागतेय ही गोष्ट आजवर तालुक्यात घडलेली नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी ती शेजारच्या चार गावांना कळवलीही.

मास्तरांचा एक जुना विद्यार्थी, दगडू, त्या समुद्राकाठच्या गावात कापडगिरणीत होता. आठ दिवसांत त्याचं उत्तर आलं. जमीन पापडासारखी सपाट आहे, लोक सूर्यास्त बघायला पाण्याच्या टाकीवर चढतात, मुरूम काढायला सक्त मनाई आहे. पावसानं वर्षाला दोन बोटं माती वाहून जाईल तेवढीच. शेळ्या नाहीत. भाषा वेगळी, पण टेकडीला बोलायचं काम फारसं पडणार नाही.

मास्तर तक्ता करायला बसले. दूध, दळण आणि शाळा हे रकाने टेकडीला लागू नव्हते, ते त्यांनी रेघ मारून सोडले. राहिला खर्च. टेकडीचा खर्च अंगातून होतो. कुसळेवाडीत कुणी घर बांधायला काढलं की दोन ट्रॉल्या मुरूम भवरीचा, असा रिवाज होता. ‘इथे’च्या रकान्यात मास्तरांनी लिहिलं: एकतीस वर्षांतली झीज, सात फूट. पेन्सिल ठेवली आणि तक्ता कुंपणावर धरला.

भवरीनं वाचला. मग म्हणाली, “मास्तर, अकरा.”

मास्तरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आकडा त्यांना पाठ होता. दर वर्षी ते स्वतः मोजत. उभ्या जन्मात त्यांनी लिहिलेला हा पहिला खोटा आकडा होता, आणि तोही जिच्या अंगातून गेला तिलाच दाखवलेला. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त, चार वाजताच्या अंगणाची भीती वाटली.

“चार वाजता काय करायचं मी, भवरे?” ते म्हणाले.

“त्याचा रकाना हाय का तक्त्यात?”

“नाही. मागे राहणाऱ्यांचा रकाना नसतो. मीच तसा ठेवला नाही. ठेवला असता तर गावातून एक माणूस बाहेर पडला नसता.”

मास्तरांनी सात खोडून अकरा लिहिलं, खाली सही केली. ‘करमेल का’च्या पुढे भवरीनं सांगितलं तसं लिहिलं, ‘शेळ्यांवाचून जड जाईल, पण जमेल’. बेरीज उजवीकडे झुकली. मास्तरांनी दोनदा तपासली, दोन्ही वेळा ती उजवीकडेच झुकली.

सोमवारी सकाळी दहाला भवरी निघाली. बायकांनी तिची ओटी भरली. खण पुरेना म्हणून सतरा घरांतले खण जोडून शिवले, नारळ पायथ्याशी ठेवले. विमलताईंचं भाषण झालं. शेळ्यांना घरीच बांधून ठेवलं होतं, तरी त्यांचा ओरडा वेशीपर्यंत ऐकू येत होता. मास्तर पोचवायला राज्याच्या हद्दीपर्यंत गेले.

नाक्यावरच्या साहेबांनी दांडा खाली केला. “गौण खनिजाचा वाहतूक परवाना?”

“मी माल न्हाय,” भवरी म्हणाली. “उमेदवार हाय.”

साहेबांनी पुस्तक चाळलं. उमेदवार टेकडीबद्दल त्यात काही नव्हतं. तेव्हा मास्तरांनी खिशातून तक्ता काढून दिला. साहेबांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, बोटांवर बेरीज केली.

“हिशेब चोख आहे,” ते म्हणाले. “जाणंच बरोबर.” आणि दांडा वर केला.

मास्तर ताठ मानेनं परत आले. एसटीत शेजारी बसलेल्या तिघांना त्यांनी सांगितलं, की आमची टेकडी कायम पदावर रुजू होतेय. चौथा उतरून गेला म्हणून त्याला सांगायचं राहिलं.

त्यानंतर अंगणात ऊन यायला लागलं. चार वाजता मास्तर छत्री उघडून बसत. कुणी विचारलं तर ‘तिचं बरं चाललंय’ म्हणत, पण पत्र आलेलं नव्हतं. खुर्ची ओसरीत घ्या, असं लोक सुचवत. ती त्यांनी जागची हलवली नाही. असं एक वर्ष गेलं.

पुढच्या महिन्याच्या चार तारखेला सुबरावची सायकल मास्तरांच्या फाटकाशी थांबली. आपला पत्ता चुकला असावा असं मास्तरांना वाटलं.

“सही करा,” सुबराव म्हणाला. “परराज्यातनं आलीय. सावली, एका दुपारची.”

मास्तरांनी सही केली. सुबरावनं पावती फाडली, घड्याळात बघितलं, आणि बरोबर चार वाजता घरावरून गार सावली अंगणात उतरली.

मास्तर फाटकात जाऊन ओरडले, “विमलताई! अहो, शेजारी कोण आहे का? या सगळे! आमच्या भवरीनं पाठवलीय!”

सगळे आले. मास्तरांनी पहिल्यांदाच आपल्या दारात सगळ्यांना चहा पाजला. फॉर्मच्या खालचा मजकूर त्यांनी स्वतःचाच, मोठ्यानं, दोनदा वाचला. ‘तब्येत ठीक. शेळ्यांना सांगणे. छत्री मिटावी.’

त्यांनी छत्री मिटली. मग घरातून टेप आणून सावली मोजली. पूर्वी ती दगडी डोणीशी थांबायची. आज ती डोण ओलांडून हातभर पुढे गेली होती. मास्तरांनी तक्त्याची जपून ठेवलेली नक्कल बाहेर काढली, ‘तिथे’च्या रकान्यात पगाराच्या पुढे ‘मिळाला’ असं लिहिलं, आणि खुर्ची हातभर पुढे सरकवली.