मागच्या सीटवरच्या सावंतकाकू

आमच्या बिल्डिंगमधल्या सावंतांची स्कूटर दोघं मिळून चालवत. काका हँडल धरत आणि काकू भांडत. ही वाटणी इतकी पक्की होती, की स्कूटरचा हॉर्न बिघडला तेव्हा तो दुरुस्त करून घ्यायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. आग्रा रोडचं नाव पाटीवर कधीच बदललं होतं, पण मुलुंडकरांच्या तोंडी तो आग्रा रोडच होता, आणि त्यावरचे ट्रक सावंतांच्या स्कूटरला वाट देत ते काकूंच्या आवाजाला भिऊन.

काकू डावीकडे पाय सोडून बसत. मांडीवर डब्याची पिशवी, उजवा हात काकांच्या खांद्यावर आणि डाव्या हातात मिटलेली छत्री. ही छत्री बाराही महिने असे. ऐन मे महिन्यात मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "ती पावसाक नाय रे, ट्रकाक." ट्रक फार जवळ आला की छत्रीचं टोक त्याच्याकडे रोखून त्या विचारत, "डोळे काय गावाक ठेवन इलंस रे, मेल्या?" ट्रकवाला पंजाबचा असो की मद्रासचा, त्या क्षणापुरतं त्याला मालवणी समजत असे.

रस्त्यावरच्या वाहनांबद्दल काकूंचं एक शास्त्र होतं. रविवारी दारात वाल सोलत बसल्या की त्या ते आम्हाला ऐकवत. त्यांच्या मते प्रत्येक गाडी ही घरातलीच कुणीतरी असते, आणि ते एकदा ओळखलं की रस्ता सोपा जातो. डबलडेकर ही सासू. वेळेवर येत नाही, आणि आली की सगळी वाट तिचीच. ट्रक म्हणजे थोरला दीर. "धूर सोडता, घर हलयता, पण मनान वायट नाय." रिक्षा ही धाकटी जाऊ, बोटभर फट दिसली की शिरलीच. अँबॅसेडर म्हणजे जावई, पाय पसरून मधोमध. पाण्याचा टँकर ही रडकी नणंद, जाईल तिथे ओलं करून ठेवणारी.

"आणि टेम्पो?" माझ्या बायकोने, नलूने, विचारलं.

"तो आपलो कोण नाय. जेवणाच्या टायमाक येणारो आगंतुक." टेम्पोचं नाव काढलं की त्यांच्या हातातला वाल जरा जास्तच जोरात सोलला जाई.

"मग आपली स्कूटर कोण?"

"ती सून," काकू म्हणाल्या. "सगळ्यांच्या मधून वाट काढता आणि वर बोलणीव खाता."

काका म्हणजे सज्जनपणाची हद्द. विक्रोळीच्या एका कारखान्यात ते पत्रा कापायच्या प्रेसवर होते. काकू शिवी घालत तेव्हा काका समोरच्याकडे पाहून ओशाळं हसत. जिन्यात भेटले आणि "काय काका, आज उशीर?" असं विचारलं, तर म्हणत, "हो हो, छान." घरी पाणी आलं का, या प्रश्नालाही उत्तर तेच. माणूस संसारात असून संसाराच्या पलीकडे गेला आहे, असं आमचं सर्वांचं मत होतं. अशी बायको मिळाल्यावर दुसरं काय होणार, असंही एक मत होतं.

सकाळी निघताना काकू हेडलाइटवर हात ठेवून गाऱ्हाणं घालत. "बा देवा रवळनाथा, ट्रकाक ट्रकाच्या वाटेन ने, रिक्षेक रिक्षेच्या वाटेन ने, आणि आमका आमच्या वाटेन ने." गाऱ्हाण्याला दुसऱ्या कुणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणावं लागतं. ते काम काकांचं. पण पाठीत गुद्दा बसल्याखेरीज काकांच्या तोंडून ते निघत नसे. आम्ही गॅलरीत दात घासत त्या गुद्द्याची वाट पाहत असू.

बिल्डिंगला खरं कोडं होतं ते वेगळंच. काकू रोज कारखान्याच्या गेटपर्यंत जात, तिथून बसने परत येत, संध्याकाळी पुन्हा बसने विक्रोळीला जात आणि काकांच्या मागे बसून घरी येत. विचारलं तर सांगत, "थय माझी भयण रवता." ही बहीण कुणी पाहिली नव्हती. दुसऱ्या मजल्याचं म्हणणं, काका वाटेत घेतात. तिसऱ्या मजल्याला बाहेर काहीतरी भानगड दिसत होती. "हो हो, छान" एवढ्या भांडवलावर काका भानगड कशी करणार, हे तिसरा मजला सांगत नसे.

मग एका संध्याकाळी तो टेम्पो आला. भांडुपला सोनापूरच्या नाक्यावर तो स्कूटरच्या डाव्या अंगाला इतका चिकटला, की काकूंनी छत्री चालवली आणि त्याचा आरसा फुटला. टेम्पोवाला पाठलाग करत थेट आमच्या कंपाउंडमध्ये. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. तो काकांसमोर हात जोडून म्हणाला, "काका, आपको मैं कुछ नहीं बोलता. आप देवमाणूस. पण काकी को घर पे रखो ना."

आमचे सेक्रेटरी दामले पुढे झाले. "सावंत, तो बरोबर बोलतोय. अहो, सगळं मुलुंड हसतं तुमच्यावर."

काकांनी वर पाहिलं. गॅलऱ्यांतून लोक खरोखरच हसत होते, आणि ते काकूंकडे पाहून हसत होते. काकांचं तोंड उतरलं. काकूंकडे न बघता ते म्हणाले, "उद्यापासून तू घराक रव." काकांच्या तोंडून इतकं लांब वाक्य आम्ही प्रथमच ऐकलं.

तासाभराने काकू विरजण मागायला आमच्याकडे आल्या. वाटी हातातच राहिली. त्या इतक्या हळू बोलायला लागल्या, की मी घाबरलोच. हा आवाज त्यांच्याकडे आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

"सुधीर, तेंका ऐकाक येणा नाय."

मी उठून दार लोटून घेतलं.

"प्रेसार राबान राबान कान गेले. एक कधीच गेलो. दुसऱ्यात बोंब मारल्यार पोचता. कंपनीत कळला तर घरी पाठवतले. दीड वरीस रवला रिटायर होवक."

"मग बसने जाऊ देत," नलू म्हणाली.

"कंडक्टर विचारता खय जातलास, आणि हे सांगतत, हो हो, छान. चार माणसां हसतत. स्कूटरवर कोण काय विचारणा नाय." मग त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू घाटकोपराक जातंस ना हापिसाक? उद्या तू मागे बस. डाव्या अंगान गाडी इली की डावो खांदो दाब, उजव्यान इली की उजवो. आणि वराडत रव."

"ओरडायचं कशाला? नुसता खांदा दाबला तर?"

"लोकांका संशय येतलो. वराडला की तेंका वाटता, बायल भांडकुदळ आसा. माका भांडकुदळ म्हटलेली चलता रे. तेंका बहिरो म्हटलेलो माका चलाचो नाय."

इतकी वर्षं त्या बाईवर हसलो ते आम्ही. मी हो म्हणालो.

आता माझी योग्यता सांगतो. रिक्षा हवी असली तरी मी "जरा येता का" असं विचारतो आणि रिक्षा जाते. ऑफिसात मला लोक फायलींसारखे इकडून तिकडे ठेवतात. सकाळी मी "ट्रेनला फार गर्दी असते" असं खुणांनी सांगत काकांच्या मागे बसलो, तेव्हा काकू गॅलरीत उभ्या होत्या आणि त्यांनी कठडा घट्ट धरला होता.

भांडुपपर्यंत मी दोनदा "अहो, जरा बाजूला घेता का" म्हणालो. एक ट्रक उलट आणखी जवळ आला. कांजूरला डावीकडून टेम्पो घुसला, आणि घाईत मी उजवा खांदा दाबला. काका डावीकडे वळले ते थेट टेम्पोच्या दारात. मी धडपडून डावा दाबला, काका उजवीकडे गेले, तर तिथे पाण्याचा टँकर. आता आपण संपलो असं वाटलं, आणि माझ्या तोंडून "आवशीचो घोव" असे शब्द इतक्या मोठ्याने बाहेर पडले, की टँकरवाल्याने करकचून ब्रेक दाबला. आमच्या सात पिढ्यांत हे कुणी उच्चारलं नसेल. त्यानंतर मला जो कंठ फुटला तो विक्रोळीपर्यंत मिटेना. एका हातगाडीवाल्याला तर मी काहीही कारण नसताना झाडलं. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होता बिचारा. फार बरं वाटलं.

कारखान्याच्या गेटच्या थोडं अलीकडे काकांनी स्कूटर थांबवली.

"तुका तिना धाडल्यान," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"लोक तिका हसतत ता माका बघवणा नाय, म्हणान तिका रव म्हटलंय." ते थोडा वेळ हँडलवरून हात फिरवत राहिले. "तू बरो वराडतंस. पण तुझ्या वराडण्यात शिव्याच रे नुसत्यो. ती एक शिवी गाडयेक घालता आणि एक गजाल माका सांगता. घराक ती हळू बोलता. भिंती पातळ, मोठ्यान बोलली तर सगळ्यांका कळतला. मी आपलो मान हलवतंय. दिवसभरात काय झाला ता माका गाडीर कळता."

कामगार आजूबाजूने आत जात होते. काका माझ्याकडे झुकले.

"परवा चेडवाचो फोन इल्लो ना तुमच्याकडे? नातू फोनवर बोललो म्हणा. ती माका सांगीत होती, तेवढ्यात तो टेम्पो इलो. काय बोललो रे तो?"

बिल्डिंगमध्ये फोन तेवढा आमच्याकडे. रत्नागिरीहून त्यांच्या मुलीचा ट्रंक कॉल आला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. काकूंनी रिसीव्हर आपल्या कानावरून काढून काकांच्या कानाला लावला होता, आणि काका रिसीव्हरला "हो हो, छान" म्हणाले होते. पोर काय बोललं ते मी ऐकलं होतं. पण इथे सांगायचं तर ओरडावं लागलं असतं, गेटवर, सगळ्यांसमोर. आणि ते सांगण्याचा मान माझा नव्हता. मी हाताने स्कूटरची मागची सीट दाखवली आणि काकूंसारखी छत्री धरल्याची खूण केली. काकांना कळलं. ते हसले आणि आत गेले.

संध्याकाळी परत येतानाही मीच मागे बसून ओरडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्कूटरजवळ उभे राहिले आणि वर बघून त्यांनी हाक मारली, "अगो, चल, उशीर जाता." दामले दुधाच्या बाटल्या घेऊन येत होते. "सावंत, अहो, पुन्हा?" ते म्हणाले. "हो हो, छान," काका म्हणाले.

काकू धावतच खाली आल्या आणि बसल्या. स्कूटर फाटकातून बाहेर पडली. आमच्या गल्लीत त्या वेळी एकही गाडी नव्हती. गल्लीच्या टोकाशी काकू काकांच्या कानाशी वाकल्या आणि त्यांनी अशी आरोळी ठोकली, की समोरच्या बिल्डिंगच्या दोन खिडक्या उघडल्या. दामल्यांपर्यंत नुसता आवाज पोचला. मला शब्दही कळले, कारण मी ते आधी ऐकले होते. "आबा म्हणालो, आबा. दोन वेळा म्हणालो. ऐकलास?"

स्कूटर जराशी डगमगली. काकांनी एक हात सोडून खांद्यावरचा काकूंचा हात धरला, आणि तो तसाच धरून ते वळले.

"कमाल आहे या बाईची," दामले म्हणाले. "रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आता कुणाशी भांडतेय?"

"कोपऱ्यापलीकडे ट्रक असेल," मी म्हणालो.