पहिल्या थरातली जागा

"गुरुपौर्णिमेला तुम्ही हे पोट शोधाल आणि तुम्हाला ते सापडणार नाही," असं उन्मेष परबने चाळीच्या गॅलरीत उभं राहून, तोंडात टूथब्रश असताना जाहीर केलं. ऐकायला त्याची आई, बायको मेघना आणि बादल्या घेऊन निघालेल्या दोन शेजारणी होत्या. चौघींपैकी एकीनेही मान वर केली नाही. लालबागमध्ये अशा घोषणा दर एक जानेवारीला होतात. ही एप्रिलात झाली, एवढाच फरक.

पण उन्मेषच्या बाबतीत प्रकरण गळ्याशी आलं होतं. प्रश्न होता गोविंदा पथकातल्या त्याच्या जागेचा. वीसेक वर्षं तो पहिल्या थरात, म्हणजे अगदी खाली, जमिनीवर उभा राहत आला होता. वरचे थर बदलले, पोरं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, डोंबिवली-विरारला गेली. खालचा उन्मेष हलला नाही. त्याच्या खांद्यावर उभं राहणं म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभं राहणं, असं पोरं म्हणायची. ऑफिसात बिलिंगच्या टेबलाला त्याला कोणी विचारत नसे, प्रमोशन शेजारच्या खुर्चीपर्यंत येऊन परत जाई. पण दहीहंडीच्या दिवशी सगळं पथक त्याच्या खांद्यावर उभं असे, आणि त्या एका दिवसाच्या जोरावर तो वर्षभर ताठ मानेने चालायचा.

आणखी एक गोष्ट होती, जी फक्त मेघनाला माहीत होती. उन्मेषला उंचीची भीती वाटायची. साधीसुधी नाही. घरातली ट्यूबलाइट गेली की स्टूल मेघना आणायची, त्यावर चढायचीही मेघना, आणि उन्मेष स्टूल धरून डोळे मिटायचा. ते राहायचे पहिल्या मजल्यावर, पण गॅलरीतून जाताना तो कठड्याला शिवत नसे, भिंतीला घासून जाई. पथकात मात्र सगळ्यांचा समज असा, की हा वजनामुळे खाली आहे. नाहीतर पठ्ठ्या सातव्या थरावर गेला असता.

आणि एप्रिलच्या मीटिंगमध्ये पथकाचे म्होरके कुशाबा यांनी शिट्टी वाजवून सांगितलं, "पस्तिशीच्या वरच्यांनी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायचं. गुरुपौर्णिमेला सराव सुरू. सर्टिफिकेट नाय, तर थरात नाय. ट्रकवर बसून पाण्याच्या बाटल्या वाटायच्या."

उन्मेष दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला, परत फुगवला.

"किती थर लावता तुम्ही?"

"सात."

"तुमच्या रक्तदाबानेही तेवढेच लावलेत. दहा किलो उतरवा, मग सही करतो."

तेव्हा उन्मेषने धरला बुद्धभूषणला. बुद्धभूषण त्याचा शाळेपासूनचा दोस्त. सकाळी मंडळाची व्यायामशाळा चालवायचा, संध्याकाळी महापालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये कराटेचा क्लास घ्यायचा आणि दहीहंडीला दुसऱ्या थरात, बरोबर उन्मेषच्या खांद्यावर उभा राहायचा.

"दहा किलो काय, पंधरा काढतो," बुद्धभूषण म्हणाला. "पण मी सांगेन तेच खायचं. भात बंद, साखर बंद, तळलेलं बंद."

"मासे?"

"भाजून."

हे ऐकल्यावर उन्मेषच्या आईने कपाळाला हात लावला. मालवणी घरात माणूस भाताला नाही म्हणाला की आधी त्याचा ताप बघतात. "भात नाय, मगे जेवलंस कसलो?" ती ताटाशी बसून विचारायची आणि भाकरीखाली भाताची मूद लपवून वाढायची. उन्मेष ती शोधून काढायचा. त्यात मे महिना आला आणि देवगडहून मामांनी हापूसची पेटी पाठवली. ती पिकायला ठेवली उन्मेषच्याच खाटेखाली, कारण घरात दुसरी जागा नव्हती. माणसाने किती सोसावं? वर हा उपाशी आणि खाली आंबे पिकतायत. पहिले दोन दिवस तो नाकाला रुमाल बांधून झोपला आणि तिसऱ्या दिवशी उशी घेऊन व्यायामशाळेत मुक्कामाला गेला. पेटी संपल्याचा निरोप मेघनाने पाठवला, तेव्हाच घरी आला. जिद्द म्हणतात ती अशी.

व्यायामशाळेत पहिल्या आठवड्यात त्याला जिना उतरता येईना. दुसऱ्या आठवड्यात संडासला बसता येईना. बुद्धभूषण म्हणाला, म्हणजे व्यायाम लागू पडतोय. मग त्याने उन्मेषला कराटेतही ओढलं, कारण नुसती वजनं उचलून माणूस जाड तो जाडच राहतो, फक्त टणक होतो. क्लासमध्ये सगळी शाळेतली पोरं. पांढऱ्या पट्ट्याच्या रांगेत उन्मेष उभा राहिला की मागच्याला सर दिसायचे नाहीत. नियम असा की वरच्या पट्ट्याला वाकून नमस्कार करायचा, त्यामुळे तो रोज संध्याकाळी दुसरीतल्या पोरांपुढे कमरेत वाकायचा. आधी लाज वाटली. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला वाकता येतंय, आणि त्याला भलताच आनंद झाला.

जूनअखेर तो एका पायावर उभा राहून दुसरा पाय छातीपर्यंत नेऊ लागला. विजारीला बेल्ट, बेल्टला नवी भोकं आणि शेवटी नवी विजार. डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर सही केली आणि पाठ थोपटली. मेघना आरशात त्याच्या शेजारी उभी राहून म्हणाली, "बरा दिसतोस रे. लग्नातल्यासारखा नाही, पण साखरपुड्यातल्यासारखा." उन्मेष गुरुपौर्णिमेची वाट बघू लागला.

गुरुपौर्णिमेला संध्याकाळी मंडळासमोर नारळ फुटला. उन्मेषने सर्टिफिकेट कुशाबांच्या हातात दिलं आणि आपल्या जागेवर, गोलाच्या मधोमध, जाऊन उभा राहिला. कुशाबांनी कागद वाचला. मग उन्मेषकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याच्या दंडाला चाचपलं. बाजारात शेवग्याची शेंग बघतात तसं.

"उन्म्या, आजारी होतास काय?"

"नाय दादा. फिट झालोय."

"ते दिसतंय. पण खाली बूड लागतं रे. तुझ्यावर बुद्धभूषण उभा राहिला तर तू जमिनीत जाशील."

"दादा, ताकद वाढलीय माझी."

"ताकद ठीक आहे. वजन कुठाय?"

आता इथे बुद्धभूषणने गप्प बसायचं होतं. पण मास्तर माणूस, विद्यार्थ्याचं कौतुक दाबवत नाही. तो म्हणाला, "दादा, याचा बॅलन्स बघा. उन्म्या, दाखव."

आणि उन्मेषने, कौतुकाला भुकेला माणूस तो, एका पायावर उभं राहून दाखवलं. सगळं पथक बघत राहिलं. कुशाबांनी शिट्टी वाजवली आणि निकाल दिला: "तिसऱ्या थरात घ्या याला. इतकी वर्षं बिचारा खाली सडला."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. उन्मेषच्या पोटात गोळा आला, आणि आता तो गोळा लपवायला पोटही नव्हतं.

"सांगून टाक त्यांना," घरी मेघना म्हणाली.

"काय सांगू? वीस वर्षं ज्या पोरांना 'वर बघू नका, घाबरू नका' सांगितलं, त्यांना सांगू की मी स्टुलाला घाबरतो? मी मरेन, पण सांगणार नाय."

दुसऱ्या दिवशी तो डोळे मिटून चढला. हाताला जे लागेल ते धरून, कोणाच्या कानाला, कोणाच्या नाकाला. आता चित्र उलटं झालं होतं. बुद्धभूषण खाली आणि त्याच्या खांद्यावर उन्मेष. शेजारच्यांच्या गळ्यात हात टाकून, डोळे गच्च मिटून तो मनात रामरक्षा म्हणत उभा राहिला आणि डोळे मिटूनच उतरला. खाली आल्यावर कुशाबा सगळ्या पोरांना म्हणाले, "बघा, शिका काहीतरी. डोळे झाकून चढतो! याला म्हणतात एकाग्रता."

झालं. तिसऱ्या थरातली पोरंही डोळे मिटून चढायला लागली. दोघं पडली. कुशाबांनी सांगितलं की हे प्रत्येकाचं काम नाही, त्याला साधना लागते.

उन्मेषने मग दुसरा मार्ग धरला. वजन परत आणायचं. जितक्या जिद्दीने उतरवलं, तितक्याच जिद्दीने चढवायचं. तो संध्याकाळी नाक्यावरच्या वडापावच्या गाडीवर गेला. गाडीवाल्याने वडा तेलातून काढला, उन्मेषकडे बघितलं आणि वडा परत तेलात सोडला.

"तुला नाय देणार. बुद्धभूषणने सांगून ठेवलंय. अख्ख्या लालबागला तुझं उदाहरण देतो तो."

घरी आईकडे भात मागितला, तर ती आनंदाने उठली आणि तेवढ्यात शेजारीण दारात येऊन म्हणाली, "उन्मेषभावजी, तुमचं बघून आमच्या ह्यांनी पण भात सोडला हो. आजचा पाचवा दिवस." तिच्या मागे ते 'हे' उभे होते, डोळ्यांत पाणी आणून. उन्मेषने ताट सरकवलं. लोकांसमोर खाता येईना आणि चाळीत लोक नाहीत अशी जागा नसते. शिवाय श्रावण लागलेला. मासे तर हिशोबातच नव्हते.

दहीहंडीचा दिवस उजाडला. पहिली सलामी आपल्याच चौकातली. सलामी म्हणजे हंडी फोडायची नाही, नुसते थर लावून वरच्याने हात उंचावायचा आणि शिस्तीत उतरायचं. बेंजो वाजू लागला. चाळीच्या गॅलऱ्या माणसांनी वाकल्या. खालचा थर बसला, दुसरा चढला. उन्मेष डोळे मिटून बुद्धभूषणच्या पाठीवरून त्याच्या खांद्यावर गेला. रामरक्षा सुरू केली. त्याच्यावर चौथा थर चढला, पाचवा चढला. सगळं ठीक चाललं होतं. आणखी दोन मिनिटं, की सुटलो.

पण तिसऱ्या थरातला माणूस आणि पहिल्या मजल्याची गॅलरी यांची उंची साधारण एकच येते. त्याच्या नाकासमोर, चार हातांवर, गॅलरीत त्याची आई उभी होती. मुलगा झोपेत असल्यासारखा उभा बघून तिचा जीव खालीवर झाला.

"उन्मेषा, डोळे उघड रे झिला! पडशीत!"

चाळीस वर्षांच्या माणसाचेही डोळे आईच्या त्या आवाजाने उघडतात. उन्मेषचे उघडले. समोर कठडा, कठड्यामागे आई, आणि खाली, खूप खाली, जिथे त्याची स्वतःची जागा होती, तिथे टाळक्यांचा गोल. जग एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे. त्याने डोळे परत मिटले आणि त्याचे हातपाय त्याचे राहिले नाहीत.

वर सातव्याने सलामी दिली. टाळ्या पडल्या. थर वरून उलगडत आले, सातवा, सहावा, पाचवा, चौथा. तिसऱ्यातले बाकीचे उतरले. उन्मेष उतरला नाही. तो सावकाश खाली बसला, बुद्धभूषणच्या मानेला पायांचा विळखा घातला आणि त्याचे केस दोन्ही मुठींत धरले.

"उतर," बुद्धभूषण म्हणाला.

"नाय."

"उन्म्या, केस सोड."

"नाय सोडणार."

शेवटी चौघांनी बुद्धभूषणला तसाच, डोक्यावरच्या ओझ्यासकट, जमिनीवर उतरवला. उन्मेषला ते कळलंच नाही. डोळे मिटलेले, विळखा घट्ट. आणि लोकांनी काय पाहिलं? गोविंदांनी एकाला खांद्यावर घेतलाय. म्हणजे आजचा हिरो हाच. बेंजोवाल्यांनी चाल बदलली. गॅलऱ्यांतून फुलं आली. मंडळाच्या पाहुण्यांनी स्टेजवरून उतरून उन्मेषच्या गळ्यात हार घातला. बुद्धभूषण बिचारा लोक ढकलतील तसा चौकभर नाचत होता, कारण थांबला असता तर पडला असता. एका चॅनेलच्या मुलीने माइक वर धरला.

"सर, एवढ्या उंचीवर भीती नाही वाटली? सीक्रेट काय तुमचं?"

"खाली बघायचं नाही," उन्मेष कण्हत म्हणाला.

"वा! तरुणांना फार मोठा संदेश," ती कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत कुशाबा आले. माणूस म्होरक्या, त्याला हे नाचणं काही खरं वाटेना. त्यांनी उन्मेषच्या मांडीवर थाप मारली. "उन्म्या, बस झालं. उतर. पुढची हंडी प्रभादेवीला आहे."

उन्मेषचा धीर सुटला. बेंजोच्या वरताण आवाज काढून तो ओरडला, "दादा, मला उंचीची भीती वाटते! पहिल्यापासून वाटते! म्हणून खाली होतो! मला माझी जागा परत द्या!"

बेंजो नेमका त्याच क्षणी थांबला होता. सगळ्या चौकाने ऐकलं. उन्मेषला वाटलं, आता हसतील. वीस वर्षांची अब्रू गेली. त्याने एक डोळा उघडला. पहिल्या थरातली माणसं, ती आडवी, जड, घामाने निथळणारी माणसं, खाली मान घालून उभी होती.

"मला पण वाटते," त्यातला एक म्हणाला.

"मी तर गच्चीत कपडे वाळत घालत नाय," दुसरा म्हणाला. "बायकोला वाटतं, आळशी आहे."

मग तिसरा बोलला, चौथा बोलला. अख्खा पहिला थर एकेक करून कबूल होत गेला. उन्मेषच्या पायांचा विळखा आपोआप सैल झाला आणि बुद्धभूषणने संधी साधून त्याला जमिनीवर ठेवला. उन्मेषला रडू फुटलं, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून उभे होतो आणि एकालाही दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं.

त्याने डोळे पुसले आणि कुशाबांकडे बघितलं. "मग दादा, मी खाली येऊ ना?"

कुशाबांनी गळ्यातली शिट्टी दोन बोटांत फिरवली.

"उन्म्या, हे बघ. भीती सगळ्यांनाच आहे, ते झालं. पण यांच्यातला एक तरी वर चढवता येईल असा आहे काय? बघ जरा."

उन्मेषने बघितलं. एकूण एक शंभर किलोच्या आसपास होते.

"तू एकटाच बारीक," कुशाबा म्हणाले. "चल, ट्रकमध्ये बस. प्रभादेवीला तिसऱ्यातच."

उन्मेष निमूट ट्रकमध्ये चढला. मेघनाने गॅलरीतून विचारलं, काही हवंय का? तो म्हणाला, "भात."