राणीसाहेबांच्या डाव्या हाताची मोहीम

॥ श्री ॥ देह नाशिवंत, भय टिकाऊ. उभयतांस वंदून जे घडले ते लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, कर्कसेन नामे शत्रू राणीसाहेब रत्नप्रभाबाई यांचे डावे छातीवर चालून आला, आणि वैद्यांनी शस्त्रे चालविली, मग औषधांचा मारा केला, आणि त्या धामधुमीत राणीसाहेबांचे केस कामास आले, परंतु शत्रू हटला. महाराज सर्जेराव यांनी पेढे वाटिले आणि लागलाच हुकूम काढिला की, "राणीसाहेबांनी तो हात हलवू नये. हालचालीने शत्रू जागा होतो." हे कोणी सांगितले ऐसे पुसता, "सगळेच म्हणतात," ऐसे उत्तर आले. मग मुदपाकखान्याच्या वरल्या फळीवरील डबे महाराजांनी स्वहस्ते खाली उतरविले आणि अवघे राज्य जमिनीवर आले. राणीसाहेब मंचकावर शहाळी पीत बसल्या. भेटीस येणारे शत्रूस "ते" म्हणत, "आराम करा" म्हणत, आणि डावीकडे पाहून चटकन छताकडे पाहत.

मग वैद्यीण कुंदाताई आल्या आणि बोलिल्या, "हात खांद्यापाशी थिजला आहे. घरीच रोज भिंतीवर बोटे चालवीत वर न्या, पोहोचतील तेथे खडूने खूण करा, आणि चालता चालता बोलता येईल इतक्या बेताने फेऱ्या घाला." मोहीम सुरू जाहली. नणंद आक्कासाहेब दारातून म्हणाल्या, "अगं बाई, वहिनी भिंतीवर चढते की काय!"

"बोटे चढताहेत, आक्कासाहेब. मी खालीच आहे."

आणि खूण वर सरकू लागली, तोच काखेत कळ आली. अवघ्यांचे चेहरे उतरले. आक्कासाहेबांनी देव पाण्यात घातले. महाराज म्हणाले, "सांगत नव्हतो?" राणीसाहेबही भ्याल्या आणि भिंत सोडिली. मग हात ऐसा आखडला की नव्याने उगवलेले केस विंचरावयास पोहोचेना. तेव्हा फणी हाती धरून त्या बोलिल्या, "हात असाच राहिला तर शत्रू हरूनही मुलूख त्याचाच. कुंदाताईंस बोलवा."

"आणि त्यांनी भलतेच काही सांगितले तर?" महाराज पुटपुटले.

"तर तेही ऐकू. बोलवा."

कुंदाताईंनी काख चाचपली, खांदा फिरविला, आणि तोवर महाराजांनी श्वास रोधिला. "ही आखडलेल्या स्नायूची कळ आहे. सूज आली, हात जड वाटला, तर तत्काळ कळवा. उगाच भिऊन भिंत सोडू नका."

"आणि भय वाटले तर?" राणीसाहेबांनी पुसिले.

"वाटेलच. ते वाटत असताही बोटे चालतात."

मग राणीसाहेब रोज भ्याल्या आणि रोज भिंतीशी गेल्या, आणि पौषात एके सकाळी रव्याचा डबा जमिनीवरून उचलून, ओठ दाबून, डाव्या हाताने वरल्या फळीवर ठेविला. महाराज खाली दोन्ही हात पसरून उभे होते. डबा झेलावा की राणीसाहेबांस, याचा निश्चय नव्हता.

"अहो, हात खाली घ्या आता. अवघडतील," राणीसाहेब म्हणाल्या आणि दुसरा डबा उचलिला.

तात्पर्य: शत्रू गेला की दबा धरून आहे, हे माघातील तपासणीत कळेल. देव अद्याप पाण्यात आहेत. डबे फळीवर आहेत.